सेमी-ऑटोमॅटिक डंक, नऊ महिन्यांनंतर: उखळात पितळेचा कीस कुठून आला

आषाढीच्या आदल्या आठवड्यात उपवासाचं दाण्याचं कूट कांडत होते. मिरची नाही, लसूण नाही, नुसते भाजून सोललेले दाणे. कूट परातीत काढलं आणि दारातून आलेल्या उन्हात त्यात काहीतरी चमकलं. बोटानं उचललं, तर नखाच्या कडेएवढी, पिवळी, गोल वळलेली ढलपी. मग दुसरी सापडली, मग तिसरी. चौदा किलो कूट बाजूला ठेवलं आणि मशीन बंद केलं. अक्षय्य तृतीयेला पूजा करून बसवलेलं मशीन, जेमतेम दोन महिन्यांचं.

चार मुसळांचा डंक, म्हणजे कांडणयंत्र, आहे. वर मुसळं उचलणारा कॅम, खाली फिरतं उखळ. माल हातानं घालायचा, हातानं काढायचा, टायमर संपला की आपोआप बंद. ज्यांच्याकडे आहे त्यांना जास्त सांगायला नको.

कांडण्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. शेंगदाणा चटणी मिक्सरमध्ये होत नाही, हे सोलापुरात कुणाला पटवावं लागत नाही. मिक्सरचं पातं दाणा कापतं, त्याची पूड होते. मुसळ दाणा दाबतं, तेल सुटतं, लसूण-तिखट त्या तेलात मुरतं आणि चटणी हाताला ओलसर लागते. विकायची चटणी आधी मी शेजारच्या पेठेतल्या डंकावर किलोमागे पैसे देऊन कांडून आणायची. घरच्या डंकाची पहिली चटणी त्याहून चांगली निघाली. दोन महिने मी दिसेल त्याला हेच मशीन घ्या म्हणून सांगत होते.

पिवळी ढलपी दिसल्यावर बनवणाऱ्यांना फोन केला. "नवीन मशीन आहे ताई, गनमेटलचा बुश बसतोय. ग्रीस मारत राहा, महिन्याभरात बंद होतंय." मुसळाचा दांडा ज्या गाइडमधून वरखाली होतो, त्याच्या आतलं नळीसारखं धातूचं अस्तर म्हणजे हा बुश. आणि तो नेमका उखळाच्या डोक्यावर. म्हणजे त्याचा जो काही कीस निघेल तो सरळ खाण्यात. मी हे विचारलं तर उत्तर आलं, "थोडं चालतं."

थोडं चालत नाही. गनमेटल म्हणजे तांबं, कथील आणि जस्त. पूर्वी तोफा ओतायचे म्हणून ते नाव. पण बुशसाठी सर्रास वापरतात त्या एका जातीत तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के असतं. शिशामुळे लेथवर काम सोपं जातं. शिसं पोटात किती गेलं तर चालतं, याला सुरक्षित अशी मर्यादाच माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझी चटणी शाळेच्या डब्यात जाते. माझ्या मशीनमधला बुश नेमक्या कुठल्या मिश्रणाचा, हे विचारूनही त्यांनी सांगितलं नाही.

मग आधीच्या मालाची भीती बसली. पितळ, गनमेटल पाण्याच्या आठ-नऊ पट जड. म्हणून प्रत्येक दिवसाच्या मालातलं ठेवलेलं एकेक पाकीट घमेल्यात गरम पाण्यात कालवलं, हलवत हलवत वरचं ओतून दिलं, तळ पांढऱ्या फडक्यावर घेतला. मे महिन्याच्या मालात काही नाही. जूनच्या शेवटच्या दोन घाण्यांत तीन-चार ठिपके. त्या घाण्यांची पाकिटं टिळक चौकातल्या आणि जुळे सोलापुरातल्या दुकानांतून परत आणली, पैसे दिले. विकली गेली ती गेली. त्याचं अजून वाईट वाटतं.

पंधरा दिवसांनी मशीन बनवणाऱ्यांचा माणूस आला. नट आवळले, ग्रीस भरलं, "फाउंडेशन तुमचं बरोबर नाही, ती आमची जबाबदारी नाही" म्हणाला आणि व्हिजिटचे १,२०० रुपये घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढलप्या. मी त्या दिवशी जे काही बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, पण धातूच भेसळीचा आहे, आपल्याला फसवलं, असं माझं पक्कं मत झालं होतं.

आमच्या गल्लीत एक हवालदार काका आहेत, सैन्यातून निवृत्त. त्यांचं काम आर्मररचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करण्याचं. त्यांच्या हातून इशापूरच्या कारखान्यातल्या ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआर (सेल्फ-लोडिंग) रायफली गेलेल्या. तीही सेमी-ऑटोमॅटिकच: घोडा एकदा दाबला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते. मी त्यांना बशीत गोळा केलेला कीस दाखवला. त्यांनी चष्मा लावला, एक ढलपी चिमटीत धरली आणि विचारलं, "सूनबाई, ओरखडा कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही.

मग त्यांनी सांगितलं. नव्यानं जुळवलेल्या रायफलीतही पितळेचा कीस निघतो. काडतुसाची पुंगळी पितळेची, साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. रायफलीचे भाग पोलादाचे. नवशिका माणूस कीस जिथं साठलाय तिथंच पुसत बसतो. जाणता माणूस आधी उडालेल्या पुंगळ्या वेचतो आणि खूण बघतो. बुडाच्या कडेवर खरवडलेलं असेल तर एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून काढणारी, नखी. अंगावर उभी रेघ असेल तर मॅगझिनचे (काडतुसांच्या पेटीचे) ओठ किंवा चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी राहिलेली धार. अंगावर चेपा असेल तर पुंगळी बाहेर उडताना कशावर तरी आपटतेय. "नव्या हत्यारात बारीक पिवळी भुकटी थोडे दिवस येते, कडा बसल्या की थांबते. पण वळलेली ढलपी म्हणजे काहीतरी कापतंय. ते आपणहून थांबत नाही. तुमच्यात उलटं आहे एवढंच. तिथं पितळ हलतं, इथं पितळ जागेवर आणि पोलाद हलतंय. ओरखडा बुशात बघायचा, धार दांड्यात शोधायची."

रविवारी चारही गाइड खोलले. तीन बुश आतून गुळगुळीत. तिसऱ्या मुसळाच्या बुशात भिंतीकडच्या एकाच बाजूला उभी खाच, आगकाडीहून जरा रुंद. समोरच्या बाजूला लेथच्या मूळ रेघा तशाच्या तशा. म्हणजे दांडा एकाच बाजूला घासत होता. आणि खाचेची रुंदी? दांड्यावर उंची कमी-जास्त करायला पिनेची दोन भोकं आहेत. त्यातलं रिकामं भोक प्रत्येक उचलीला बुशातून वर जातं आणि खाली येतं. काकांनी कापसाचा बोळा त्या भोकाभोवती फिरवला, तंतू अडकून लोंबायला लागले. ड्रिल मारल्यावर भोकाची कड कुणी साफच केली नव्हती. तो दांडा म्हणजे एक रंधाच झाला होता. दुसऱ्या तिन्ही दांड्यांवरही कापूस अडकला.

मग मे महिन्यात कीस का नव्हता? पाणसळ ठेवली तेव्हा कळलं. चौकटीचा मागचा एक पाय वर आलेला, ओळंबा उखळाच्या मध्यातून सरकलेला. आमची शेड शेळगीकडे, खाली काळी माती, वर शाहाबादी फरशी. काळी माती जूनच्या पावसात फुगते, फरशी उचलते. चौकट पिळली, दांडा एका बाजूला दाबला गेला आणि भोकाची धार बुशाला लागली.

म्हणून व्हिजिटला आलेल्या माणसाबद्दलचं माझं मत अर्धं बदललं आहे. फाउंडेशन खरंच बरोबर नव्हतं, ते माझ्याकडचं. बसवताना फरशी फोडून खाली मुरूम लागेपर्यंत खणायला हवं होतं. मी खर्च वाचवला. पण भोकाची धार त्यांची. दांडा सरळ चालला असता तरी बुश थोडा झिजल्यावर हे कधीतरी होणारच होतं. आणि पाणसळ न लावता, बुश न खोलता पैसे घेऊन जाणं हेही त्यांचंच. धातू भेसळीचा असल्याचा आरोप मात्र मी मागे घेते, तसं काही दिसलं नाही.

दुरुस्ती: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टर्नरनं आठही भोकांच्या कडा मारून पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या. चारही बुश फॉस्फर ब्राँझचे करून घेतले. त्यात तांबं, कथील आणि किंचित फॉस्फरस, साध्या जातीत शिसं मुद्दाम घालत नाहीत. फाउंडेशन नवं, सिमेंट-खडीचं. सगळं मिळून ७,४०० रुपये. प्लॅस्टिकचा बुशही सुचवला गेला होता, पण झिजल्यावर तोही चटणीतच पडणार, आणि पितळ निदान चमकून दिसतं तरी.

आणि वाटी. या मशीनबद्दल मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. बुशाच्या खाली, दांड्यावरच, तळाला भोक पाडलेली स्टीलची वाटी रबरी वॉशर लावून घट्ट बसवली. मुसळाबरोबर ती वरखाली होते. बुशातून जे पडेल, कीस असो की ग्रीस, ते वाटीत. एका वाटीला चाळीस रुपये. सव्वा लाखाच्या मशीनला चार वाट्या देता येत नाहीत? उखळाच्या डोक्यावर धातूवर धातू घासणारा जोड ठेवायचा आणि खाली काहीच धरायचं नाही, हे खाण्याच्या मशीनमध्ये मला आजही पटत नाही. रोज संध्याकाळी चारही वाट्या पांढऱ्या फडक्यानं पुसते. पहिले आठ दिवस बारीक भुकटी आली, काका म्हणाले तशीच. नंतर फक्त ग्रीसचा काळा डाग. ग्रीसही आता खाद्यपदार्थांच्या मशीनचंच वापरते.

बाकीचं थोडक्यात. मोटर तापत नाही. टायमर ठीक. आवाज मोठा, दुपारी दोन ते चार मी बंद ठेवते. उखळ धुवायला अवघड, कोपऱ्यात लसूण अडकतो. जानेवारीत गड्डा यात्रेच्या मालासाठी सलग अठरा दिवस रोज सहा-सात तास चाललं, एकदाही अडलं नाही.

घ्यायचं का? कांडण्यासाठी घ्या. पण पैसे देण्याआधी बुश खोलून दाखवायला सांगा, दांड्याच्या भोकांभोवती कापूस फिरवून बघा, आणि काळ्या मातीवर शेड असेल तर पावसाळ्याआधी फाउंडेशन करा. भोकाचे फोटो पाठवल्यावर पुढच्या मशीनची भोकं साफ करून देऊ असं त्यांनी कळवलं आहे. माझे व्हिजिटचे १,२०० रुपये मात्र अजून आलेले नाहीत. दर सोमवारी फोन करते.