पेटंटच्या मसुद्यांसाठी मजकूर-तुलनेचं सॉफ्टवेअर: काही महिने वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून पेटंटचा कुठलाही मसुदा तुलनेच्या, म्हणजे दोन फायलींतला फरक रंगवून दाखवणाऱ्या, सॉफ्टवेअरमधून काढल्याशिवाय मी पुढे सरकवत नाही. बसतो जळगावात. फायलिंग ऑनलाइन, सुनावणी व्हिडिओवर, त्यामुळे मुंबईला अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात जायची वेळ क्वचितच येते. गिऱ्हाईक बहुतेक इथलंच: ठिबकचे ड्रिपर बनवणारे, डाळमिलच्या यंत्रात काही सुधारणा केलेले, केळीच्या खोडापासून धागा काढणारे. हाताशी दोन गोष्टी आहेत, वर्डमधलं ‘कम्पेअर’ आणि फुकट मिळणारं विनमर्ज. मध्यंतरी पीडीएफची तुलना करणारं एक विकतचं सॉफ्टवेअरही घेतलं. त्याचं पुढे सांगतो.

मुळात गरज पडते ती गिऱ्हाइकामुळे. मसुदा वाचायला पाठवला की ट्रॅक चेंजेस (बदलांची नोंद ठेवणारी वर्डची सोय) बंद करून, हवं तिथे खोडून-लिहून फाइल परत येते. वर फोनवर, “काही जास्त बदल नही शे भाऊ, दोन-चार शब्द शेतस.” एका ठिबकवाल्या दादांच्या फाइलमध्ये ते दोन-चार शब्द म्हणजे ताशी ‘२ ते ४ लिटर’चं ‘२ ते ८ लिटर’ झालेलं होतं. तेही वर्णनात नाही, थेट पहिल्या क्लेममध्ये, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क सांगतो ते लिहितात त्या मुद्द्यात. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं, आठ लिटरचा ड्रिपरही त्यांनी मधल्या काळात करून पाहिला होता. पण प्रोव्हिजनल, म्हणजे आधी केलेला तात्पुरता, अर्ज चार लिटरपर्यंतचाच दाखल झालेला. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (क्लेमसह पूर्ण वर्णन) द्यायचं, आणि प्रोव्हिजनलमध्ये ज्याचा आधारच नाही त्या क्लेमला आधीची, प्रोव्हिजनलची, तारीख मिळत नाही, ती कम्प्लीट दाखल केल्याचीच लागते. मग आठ लिटरचा वेगळा क्लेम केला, चार लिटरच्या क्लेमची जुनी तारीख शाबूत राहिली. या कामाला विनमर्ज उत्तम. त्यात तीन फायली शेजारी-शेजारी उघडतात: प्रोव्हिजनल, माझा मसुदा आणि गिऱ्हाइकाने फिरवलेली प्रत. कुठला आकडा कोणी आणि कधी घुसवला ते लगेच दिसतं.

फक्त विनमर्जचा हिशोब ओळीवर चालतो. आपल्याकडे एक परिच्छेद म्हणजे एकच लांबलचक ओळ, त्यामुळे एक स्वल्पविराम हलला तरी अख्खा परिच्छेद रंगतो. आत नेमका शब्द ठळक दाखवतं, पण ते पाहायची सवय व्हावी लागते. मोकळ्या जागा दुर्लक्षित करायचा पर्याय आधी चालू करा, नाहीतर पहिल्याच दिवशी वैतागून काढून टाकाल.

आता क्लेमच्या क्रमांकांविषयी, कारण महिनोन्‌महिने वापरून कळलेली खरी गोष्ट हीच आहे. वर्डमध्ये आपण क्लेमना आपोआप पडणारे क्रमांक देतो. दुसऱ्या जागी एक नवा क्लेम घातला की जुना दोन नंबर तीन होतो, तीनचा चार. पण त्याखालच्या क्लेममध्ये ‘क्लेम २ नुसार’ हे हाताने टाइप केलेलं असतं, ते जागचं हलत नाही. आता हा क्लेम भलत्याच क्लेमवर टेकला. वर्डच्या तुलनेत मात्र तिथे एकही रंग दिसत नाही, कारण अक्षर बदललेलंच नाही, आणि आपोआप पडणारा क्रमांक वर्डच्या लेखी मजकूर नाही. बदलायला हवं होतं आणि बदललं नाही, ते सॉफ्टवेअर कुठून दाखवणार? यावर माझा उपाय म्हणजे दोन्ही मसुदे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करायचे. तसं केलं की क्रमांक खरी अक्षरं होऊन उतरतात. मग विनमर्जमध्ये प्रत्येक सरकलेल्या क्लेमचा पहिला आकडा रंगतो आणि त्याच ओळीतला न रंगलेला ‘क्लेम २ नुसार’ डोळ्यांत भरतो.

वर्डचं कम्पेअर खरं कामाला येतं ते एफईआरच्या, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालाच्या, उत्तरात. अहवाल निघाल्यापासून सहा महिन्यांत उत्तर द्यायचं, फार तर तीन महिने वाढवून मिळतात. सुधारलेल्या क्लेमची स्वच्छ प्रत आणि बदल दाखवणारी प्रत अशा दोन्ही द्याव्या लागतात, शिवाय बदल कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, आणि का, तेही. ही बदलांची प्रत वर्ड चांगली काढून देतं. बदल अक्षरागणिक नको, शब्दागणिक दाखव असं सांगायचं, आणि फॉरमॅटिंगच्या पर्यायासमोरची टिक काढून टाकायची. नाहीतर परीक्षकाला फॉन्टचे बदल वाचावे लागतील. पेटंट कायद्याचं कलम ५९ आठवत असेलच. दाखल केल्यानंतरची सुधारणा आधीच्या क्लेमच्या कक्षेबाहेर जाता कामा नये. लाल-निळ्या खुणा समोर असल्या की निदान प्रत्येक खुणेपाशी थांबून हा प्रश्न विचारता येतो. एका ‘किमान’ शब्दाची लाल रेघ लहानशी दिसते, पण तो शब्द उडाला की कक्षा वाढली की आकुंचली हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

म्हणूनच आधीच्या पेटंटशी आपला शोध ताडून पाहायला हे सॉफ्टवेअर कुचकामी. दोन माणसांनी एकच यंत्र वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं तर सगळी फाइल रंगते, आणि अर्थ तोच असतो. नवे लोक इथे फसतात.

पीडीएफचं विकतचं सॉफ्टवेअर दिसायला देखणं आहे. पण स्पेसिफिकेशनच्या पानावर दर पाचव्या ओळीला आकडा असतो, वर पान क्रमांक. हे सगळं ते सॉफ्टवेअर मजकूरच समजतं, आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या की निम्मं पान लाल. स्कॅन केलेली प्रत असेल तर इंग्रजी एल आणि एक या आकड्याची गल्लत वेगळीच. त्यापेक्षा आकडे पुसून मजकूर बाहेर काढलेला बरा, त्यात अर्धी दुपार जाते ही गोष्ट निराळी. पुढच्या वर्षीची वर्गणी मी भरणार नाही.

आणखी एक. मजकूर चिकटवला की लगेच फरक दाखवणाऱ्या ऑनलाइन साइट्स आहेत, पण दाखल न झालेला मसुदा तिथे टाकू नका. अर्ज एरवी १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तोवर तो गुप्त राहायला हवा, आणि दाखल होण्याआधीच उघड झाला तर नवेपणावरच बोट ठेवलं जाईल. विनमर्ज आपल्याच मशीनवर चालतं, मे महिन्यात नेट गेलं तरी काम अडत नाही.

आकृत्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही. चित्रातला २४ नंबरचा भाग वर्णनात २६ झाला असेल तर ते कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. तिथे प्रिंट काढायची, पेन्सिल घ्यायची आणि एकेका आकड्यावर टिक करत जायचं.