पोरगं व्हीआरवेडं आहे पण पुस्तक वाचत नाही, मग पहिलं कुठलं द्यायचं?

माझा भाचा सातवीत आहे. गेमबद्दल तासभर बोलेल, पण पुस्तक दिलं की चार पानांत जांभया. तुमच्याकडेही असंच असेल आणि व्हीआरवरची (हेडसेट लावून शिरायच्या आभासी दुनियेवरची) इंग्रजी सायफाय द्यायचा विचार असेल तर हे वाचा.

सगळे आधी 'रेडी प्लेअर वन'च सुचवतात. अर्नेस्ट क्लाइनचं, २०११ चं, स्पीलबर्गचा पिक्चर २०१८ मध्ये आला त्यामुळे नाव माहितीचं. मीही तेच दिलं होतं. कल्पना जबरदस्त आहे, एकावर एक रचलेल्या ट्रेलरांच्या (चाकांवरच्या घरांच्या) वस्तीत मावशीकडे राहणारा वेड नावाचा मुलगा, भंगारात दडलेल्या एका जुन्या व्हॅनमध्ये बसून हेडसेट लावतो आणि शाळासुद्धा त्या व्हर्च्युअल दुनियेतच करतो, पण खरा खेळ सुरू व्हायच्या आधी पानंच्या पानं नुसती माहिती येते, त्यात ऐंशीच्या दशकातले अमेरिकन पिक्चर, गेम, गाणी, जे आपल्या पोरांना सोडा, आपल्यालाही निम्मे कळत नाहीत. भाच्याने चाळीसेक पानांवर ठेवून दिलं ते ठेवूनच दिलं. शिवाय शिव्या आणि थोडा मोठ्यांचा मजकूर आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या आधी मी तरी देणार नाही.

मग 'एअर अपॅरंट' (Heir Apparent) दिलं, व्हिव्हियन व्हँडे व्हेल्ड यांचं, २००२ चं. हे इतकं कमी लोकांना माहितीये याचं मला खरंच वाईट वाटतं. जियानीन चौदा वर्षांची होते, वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून गेमिंग सेंटरमध्ये जाते, बाहेर मुलांच्या गेमविरोधात निदर्शनं चाललेली असतात, तेच लोक आत घुसून मशीनची मोडतोड करतात आणि ही व्हीआर गेमच्या आत अडकते. आता गेम जिंकल्याशिवाय बाहेर येता येणार नाही आणि उशीर झाला तर मेंदूला धोका. गेममध्ये ती मेंढ्या राखणारी मुलगी असते, अचानक राज्याची वारस ठरते, तीन सावत्र भाऊ टपलेले. चुकीचं बोलली की मेली, परत पहिल्यापासून सुरू!

इथेच पोरगं अडकतं बघा. गेम खेळणाऱ्याला हे 'मेलो, परत ट्राय करू' रक्तातच माहिती असतं. तोच प्रसंग दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला आधीच सगळं ठाऊक असतं, नवीन नावं आणि जागा लक्षात ठेवायचा ताण नाही, फक्त आता ती वेगळं काय करणार एवढंच बघायचं. भाचा मध्येच ओरडायचा, "मामी, तिने परत तेच केलं!" जेवायला चार हाका मारल्या तरी उठेना.

मुलगी आठवी-नववीतली असेल आणि वेग हवा असेल तर मेरी लूचं 'वॉरक्रॉस' (२०१७) बघा. अठरा वर्षांची एमिका, गुन्हेगार पकडून देऊन पैसे कमावणारी हॅकर, पहिल्याच प्रकरणात पाठलाग. थोडं प्रेमप्रकरण आहे, आणि शेवट दुसऱ्या भागात ढकललाय, तेव्हा दोन्ही भागांची तयारी ठेवा.

ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) बघणारं पोरगं असेल तर 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'ची मांगा (जपानी कॉमिक) चालेल, पण गेममध्ये मेलं की खरंच मरायचं असा मामला आहे, हळव्या मुलाला नको.

सातवी-आठवीपर्यंत माझं मत 'एअर अपॅरंट'लाच. सुरुवातीची पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मध्ये मराठीत सांगत सांगत, आणि ती पहिल्यांदा मरते तिथे पुस्तक त्याच्या हातात द्या.