जुन्या गाडीची बसलेली सीट दुरुस्त केली: काही महिन्यांनंतरचा अनुभव

इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, पण ड्रायव्हरची सीट पार बसलेली. लांबचा पल्ला असला की कंबर धरायची आणि मांडीखाली कडेची सळी टोचायची. सीट दुरुस्त करून आता बरेच महिने झालेत. या काळात कडक ऊन आणि दमट हवा दोन्ही पाहून झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

मुद्द्याचं आधी सांगतो. बसलेल्या सीटवर नवं कव्हर चढवून किंवा उशी टाकून काही साधत नाही. उशीने माणूस वर उचलला जातो, त्यामुळे हेडरेस्ट डोक्याच्या मानाने खाली राहतो, सीटबेल्ट नीट बसत नाही आणि खड्डा होता तिथेच राहतो. वाफ देऊन फोम फुगवण्याचा उपायही चार दिवसांचाच. सीट बसते ती खालून.

सीट काढून उलटी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. नागमोडी स्प्रिंगांपैकी एक क्लिपमधून निसटली होती. क्लिपमधलं प्लॅस्टिक झिजून गळून गेलं होतं. गाडीत बसताना येणारी करकर तिथलीच. स्प्रिंग आणि फोमच्या मध्ये तरटाचा थर असतो, त्याचा भुगा झाला होता. तो थर गेला की तार थेट फोममध्ये रुतते आणि प्रत्येक धक्क्याला त्याला कापत जाते. फोमच्या पोटाला तारांचे खोल चर पडले होते आणि सीटखाली पिवळी भुकटी साचली होती.

कारागिराने क्लिपा बदलल्या, स्प्रिंग जागेवर बसवली आणि तरटाऐवजी जाड फेल्ट (तंतू दाबून केलेलं नमद्यासारखं कापड) टाकलं. माझ्या मते अर्धी सीट तिथेच सुधारली.

मग फोम. दरवाजाकडची कड सर्वांत आधी मरते, कारण चढता-उतरता सगळं वजन तिच्यावरून घासत जातं. मेलेला भाग कापून तिथे नवा तुकडा चिकटवला, आकार दिला आणि जोड हाताला लागेनासा होईपर्यंत घासला. फोम नुसता दाबून निवडू नका. घनता (ठरावीक जागेत किती वजनाचा फोम आहे ती) वेगळी आणि कडकपणा वेगळा. हलक्या घनतेचा फोमही कडक मिळतो. पहिले काही दिवस झकास वाटतो आणि मग बसतो. मी ४० किलो प्रति घनमीटरच्या खाली गेलो नाही. सुरुवातीला सीट किंचित उंच वाटली, पण काही आठवड्यांत फोम हवा तेवढा दबला आणि तिथेच थांबला. कड अजून ताठ उभी आहे. सळी टोचणं बंद, करकरही बंद.

कापड जुनंच ठेवलं, फक्त उसवलेली शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याने घालून घेतली. सुती दोरा घामाने आणि उन्हाने कुजतो. कव्हर फोममधल्या तारेला लोखंडी रिंगांनी खेचून बांधलेलं असतं. त्या सगळ्या रिंगा परत लावून घ्या. त्या गाळल्या तर मधल्या खाचा नाहीशा होतात आणि कापड सैल पडून सुरकुततं.

आता न आवडलेलं. चिकटवणीचा वास बरेच दिवस गेला नाही. उन्हात बंद राहिलेल्या गाडीचं दार उघडलं की भपकाच यायचा. एका जोडावर लेप जाड लागलाय, तिथली कडक रेघ पातळ कपड्यांत अजून जाणवते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेच्या असतात. इग्निशन बंद करून बॅटरी सोडायची, गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितलंय तेवढा वेळ थांबायचं आणि मगच कनेक्टरला हात लावायचा. सीटच्या पाठीच्या कडेत एअरबॅग असेल तर तिथली शिवण फुगा आला की उसवावी अशीच घातलेली असते. नेहमीच्या पक्क्या दोऱ्याने ती शिवली तर फुगा अडकतो. माझ्या सीटमध्ये एअरबॅग नाही, म्हणूनच मी बाहेरच्या कारागिराकडे काम दिलं. सीटचे बोल्टही अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळून घेतले.

बैठक घट्ट झाल्यापासून सीटची पाठ जास्तच मऊ वाटते आणि कमरेला आधार कमी पडतो. तेव्हा पुढचं काम पाठीचं. तिथेही फोमला हात लावण्याआधी मागचं आवरण काढून कमरेजवळची तारांची जाळी तपासायला सांगणार आहे.