विकास शुल्काचा अंदाज आणि नकाशा मंजुरी : नागपुरातील एका सल्लागार कार्यालयाच्या सेवेचा अनुभव

नागपूरच्या दक्षिणेला, महापालिकेच्या हद्दीबाहेर, आमचा 140 चौरस मीटरचा एक प्लॉट आहे आणि त्यावर मुलासाठी दोन मजली घर बांधायचे आम्ही ठरवले. त्यासाठी नकाशा मंजुरीचे काम पश्चिम नागपुरातील एका सल्लागार कार्यालयाकडे सोपवले. नकाशा तयार करणे, तो ऑनलाइन प्रणालीत दाखल करणे, शासनाला भराव्या लागणाऱ्या सर्व रकमांचा आगाऊ अंदाज देणे आणि डिमांड नोट (शासनाकडून येणारे रक्कम भरण्याचे मागणीपत्र) आल्यावर ती तपासून देणे, एवढी कामे त्यांच्या शुल्कात समाविष्ट होती. कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण खाली दोन तक्रारीही आहेत आणि त्या आमच्यात बोलून मिटलेल्या आहेत. मी नोकरीची सारी वर्षे हिशेबाच्या टेबलावर काढली असल्यामुळे या सेवेतील अंदाजपत्रकाकडेच माझे अधिक लक्ष होते आणि लिहिण्यासारखे जे आहे तेही त्यातच आहे.

नकाशाचे काम उत्तम झाले, असे एका वाक्यात सांगता येईल. जिन्याची जागा, सामासिक अंतरे (घराभोवती मोकळी सोडायची जागा), पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाचा खड्डा, यांपैकी कशावरही छाननीत आक्षेप आला नाही.

अंदाजपत्रक मात्र दोनदा बदलले. जानेवारी 2025 मध्ये मिळालेल्या पहिल्या कागदावर छाननी शुल्क, अनामत, विकास शुल्क (नव्या बांधकामापोटी सार्वजनिक सोयींसाठी द्यायची रक्कम) आणि सहायक चटई क्षेत्राचा, म्हणजे मूळ मर्यादेपेक्षा जास्तीच्या बांधकाम क्षेत्राचा, प्रीमियम एवढ्याच बाबी होत्या. बांधकाम कामगार कल्याण उपकर, जो तेव्हा 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार बांधकाम खर्चाच्या एक टक्का भरावा लागत होता, त्यात नव्हता. आमच्या घरासाठी ही रक्कम पन्नास हजारांच्या आसपास जात होती. ज्या कुटुंबाने कर्जाचा हप्ता ठरवूनच घराचा विचार केलेला असतो, त्याच्यासाठी एवढी रक्कम अंदाजातून सुटणे ही किरकोळ चूक नाही. मी ती लक्षात आणून दिल्यावर त्यांनी दोन दिवसांत सुधारित कागद दिला आणि चूक मान्य केली. त्यांच्या अंदाजपत्रकाच्या छापील नमुन्यात आता ही बाब कायमची आली आहे, हे मी नंतर पाहिले.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे आणि तो समजून घेताना मला जे शिकायला मिळाले त्यासाठीच हे लिहीत आहे.

आपल्याकडे विकास शुल्क महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याखाली घेतले जाते. 1992 मध्ये या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. आता हे शुल्क रेडी रेकनरमधील, म्हणजे मुद्रांक विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, जमिनीच्या दराशी टक्केवारीने बांधलेले आहे. निवासी वापरासाठी जमिनीच्या विकासाला दराच्या अर्धा टक्का आणि बांधकाम क्षेत्राला दोन टक्के असा हिशेब आहे. औद्योगिक वापराला त्याच्या दीडपट आणि वाणिज्यिक वापराला दुप्पट. आमच्या भागाचा जमिनीचा दर जानेवारीत चौरस मीटरला 18,000 रुपये होता. प्लॉट 140 चौरस मीटर आणि बांधकाम 210 चौरस मीटर धरल्यावर जमिनीचे 12,600 आणि बांधकामाचे 75,600, असे मूळ विकास शुल्क 88,200 रुपये निघाले.

अर्ज दाखल होता होता फेब्रुवारी उजाडला. मोजणीचा एक कागद माझ्याकडूनच उशिरा मिळाला आणि त्यात आणखी काही आठवडे गेले. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर रेडी रेकनरचे दर वाढले. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांत ते जसेच्या तसे ठेवले होते, त्यामुळे वाढ होणार अशी चर्चा आधीपासून होतीच. आमच्या भागाचा दर 19,000 झाला. डिमांड नोट एप्रिलमध्ये निघाली आणि तिच्यात नवा दर लागला. विकास शुल्क 93,100 रुपये झाले. प्रीमियम आणि उपकरही याच तक्त्याच्या आधारे काढलेले असल्यामुळे सगळे मिळून साडेबारा हजारांच्या आसपास जास्त भरावे लागले.

माझी खरी तक्रार रकमेची नाही. मंजुरीच्या वर्षाचा दर लागू होऊ शकतो आणि 31 मार्च ओलांडल्यास आकडा बदलेल, ही एक ओळ पहिल्या अंदाजपत्रकात असायला हवी होती. ती असती, तर मोजणीच्या कागदासाठी मी त्याच आठवड्यात कार्यालयाच्या खेपा घातल्या असत्या. मी हे जरा चढ्या आवाजात बोललो. तेथील तरुण अभियंता शांतपणे म्हणाली, "काका, तुमचे बरोबर आहे, ते आम्ही लिहून द्यायला हवे होते. पण दर वाढायलाच नको होता असे तुम्ही म्हणत असाल, तर ते मला पटणार नाही." आणि मग तिने जवळजवळ एक तास देऊन मला हा विषय समजावला. ज्या ग्राहकाने आधीच दोन चुका काढल्या आहेत त्याला एवढा वेळ देणे, हे त्या कार्यालयाबद्दल माझे मत बदलवणारे ठरले.

तिचे म्हणणे असे होते. विकास शुल्क हा कर नव्हे. नवे घर उभे राहिले की रस्त्यावर, पाण्याच्या वाहिनीवर, गडरलाइनवर (सांडपाण्याच्या वाहिनीवर) आणि पावसाळी नाल्यांवर जो भार वाढतो, तो पेलण्यासाठी लागणाऱ्या कामांचा तो वाटा आहे. म्हणूनच कायद्याने ही रक्कम वेगळ्या निधीत ठेवून सार्वजनिक सोयींसाठीच वापरायला सांगितले आहे. त्या सोयी उभारण्याचा खर्च सिमेंट, लोखंड, डांबर, डिझेल आणि मजुरी यांच्या भावांनुसार वाढत जातो. वर्षाला सहा टक्के भाववाढ धरली, तर शंभर रुपयांत होणाऱ्या नालीच्या कामाला दोन वर्षांनी 112 रुपये 36 पैसे लागतात. शुल्क त्या दोन वर्षांत हलले नाही, तर ते कागदावर तेवढेच दिसते, पण त्यातून नाली पूर्वीपेक्षा आखूड होते. उरलेली लांबी एकतर जुन्या रहिवाशांच्या मालमत्ता करातून होते किंवा होतच नाही.

हे ऐकताना मला 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवली. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या पुराची कारणे अनेक आहेत आणि शुल्काच्या दराशी त्याचा थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. पण पाणी वाहून नेणारी व्यवस्था वस्तीच्या वाढीबरोबर वाढली नाही तर काय होते, हे नागपूरकरांना त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. तसेच '572' आणि '1900' हे आकडेही, म्हणजे नियमितीकरणासाठी घेतलेल्या नागपुरातील अनधिकृत लेआउटच्या संख्या, आपल्याला माहीत आहेत. प्लॉट आधी विकले गेले, घरे आधी उभी राहिली आणि सोयींचा पैसा कोणी द्यायचा हा प्रश्न मागाहून आला, म्हणूनच 2001 चा गुंठेवारी कायदा, नियमितीकरण आणि आरएल (प्लॉट नियमित झाल्याचे 'रिलीज लेटर') हे शब्द घराघरांत पोहोचले.

तिचा सर्वांत मार्मिक मुद्दा मोजपट्टीचा होता. रस्त्याचे किंवा नालीचे अंदाजपत्रक शासकीय अभियंता सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून करतो, आणि मोठ्या कंत्राटांत भाववाढीचे कलमही असते, म्हणजे लोखंड-सिमेंट महागले तर कंत्राटदाराला ठरलेल्या सूत्राने फरक मिळतो. खर्च अशा रीतीने बांधकामाच्या भावांमागे धावतो. शुल्क मात्र जमिनीच्या भावाला बांधलेले आहे. जमिनीचा भाव आणि नालीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या भागात मोठा प्रकल्प येणार अशी बातमी आली की जमीन महागते, पण तेथील पाइपचा व्यास त्यामुळे बदलत नाही. उलट मंदीमुळे किंवा घरबांधणीला दिलासा द्यावा म्हणून रेडी रेकनर गोठवला, की त्याबरोबर विकास शुल्कही आपोआप गोठते, जरी ते गोठवण्याचा विचार कोणी स्वतंत्रपणे केलेला नसतो.

घरी आल्यावर मी या विषयावर आणखी वाचले. अमेरिकेतील अनेक शहरे नव्या बांधकामाकडून असेच शुल्क घेतात आणि त्यातील बऱ्याच ठिकाणी ते दर वर्षी बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप बदलते. यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा निर्देशांक 'इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड' या नियतकालिकाचा आहे. त्यात 200 तासांची साधी मजुरी आणि ठरावीक प्रमाणात लोखंड, सिमेंट व लाकूड यांच्या वीस शहरांतील किमती एकत्र केलेल्या असतात. वर्षभरात तो जेवढा वाढला तेवढेच शुल्क वाढते. दर वेळी नवा ठराव आणि नवा वाद होत नाही. अर्थात निर्देशांकाने सगळे भागत नाही. शहराला लागणाऱ्या सोयीच बदलल्या असतील तर मूळ आकडा पुन्हा मोजावा लागतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी शुल्क आणि गरज यांचा संबंध दाखवणारा अभ्यास करावा लागतो आणि 2021 च्या कायद्याने तो किमान आठ वर्षांतून एकदा नव्याने करणे बंधनकारक केले.

माझ्या प्रकरणाला सर्वांत जवळची वाटलेली तरतूदही तेथीलच आहे. कॅलिफोर्नियाच्या 2019 च्या गृहनिर्माण कायद्यानुसार अर्जदाराने आवश्यक माहितीसह प्राथमिक अर्ज दाखल केला की त्या दिवशीचे नियम आणि शुल्क त्याला लागू राहतात. यात एक अपवाद ठेवला आहे : शहराच्या नियमात आधीच नमूद केलेल्या, स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणाऱ्या निर्देशांकाप्रमाणे होणारी वार्षिक वाढ लागू होऊ शकते. म्हणजे घर बांधणाऱ्याला अचानक धक्का बसत नाही आणि शहराच्या निधीची किंमतही घटत नाही. आपल्याकडे मला हवे आहे ते नेमके हेच. दोन वर्षे शून्य आणि तिसऱ्या वर्षी उडी, यापेक्षा दर वर्षी ठरलेल्या तारखेला, बांधकाम खर्चाच्या मापाने होणारी लहान वाढ मी आनंदाने भरेन, कारण तिचा हिशेब मला पाया खणण्यापूर्वीच मांडता येईल. आमच्या साडेबारा हजारांमुळे घर अडले नाही. पण ज्याच्या कर्जाची मर्यादा संपलेली आहे, त्याच्यासाठी तेवढ्यात एका खोलीच्या दारे-खिडक्या अडतात.

या कार्यालयाने एप्रिलनंतर आपल्या अंदाजपत्रकात जो बदल केला तो इतर सल्लागारांनीही करावा असा आहे. आता कागदावर दोन रकाने असतात, एक चालू वर्षाच्या दराचा आणि दुसरा, मंजुरी पुढच्या आर्थिक वर्षात गेली तर किती राखीव ठेवावे याचा. खाली कोणता दर कोणत्या तक्त्यातून घेतला आणि कोणत्या तारखेला पाहिला, हे लिहिलेले असते. माझ्या एका नातेवाइकाला मिळालेला असा कागद मी पाहिला आणि गणिते स्वतः करून पाहिली. सर्व बाबी जुळल्या.

शुल्काबाबत सांगायचे तर त्यांची फी बाजारातील इतरांपेक्षा थोडी जास्त आहे आणि ती तीन टप्प्यांत घेतली जाते. प्रत्येक टप्प्याची जीएसटीसह पावती मिळाली. शासनाला भरायची एकही रक्कम त्यांनी रोख मागितली नाही. सर्व भरणा आमच्या खात्यातून ऑनलाइन झाला. फोन मात्र दुपारी दोन ते चार या वेळेत उचलला जात नाही आणि शनिवारी कार्यालयात निर्णय घेणारी व्यक्ती नसते, हे जाण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो. एक गुण कामगार उपकर सुटल्याबद्दल आणि तारखेची सूचना न दिल्याबद्दल कमी केला आहे. तुमचा अर्ज डिसेंबर ते मार्च या काळात दाखल होणार असेल, तर पहिल्याच भेटीत मोजणीपत्रक, मालकीचे कागद आणि लेआउटचा मंजूर नकाशा सोबत न्यावा, आणि अंदाजपत्रकावर दुसरा रकाना भरून घेतल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये.