आईच्या साड्यांची वाकळ: हातानं शिवायची की मशीनवर?

गेल्या महिन्यात इथल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतली एक मुलगी दोन बोचकी घेऊन माझ्याकडं आली. एका बोचक्यात आईच्या सुती साड्या आणि आज्जीची दोन इरकली लुगडी. दुसऱ्यात आईच्याच नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या, नोकरीवर जाताना नेसायच्या. आईला जाऊन वर्ष झालं होतं. "काकी, ह्याच्या वाकळा करायच्यात. हातानं शिवू की मशीनवर टाकू, एवढंच सांगा," म्हणाली.

हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. शुक्रवार पेठेत मी तीस वर्षं वाकळा शिवतेय, काही हातानं, काही मशीनवर. पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात, तीच आमची वाकळ. त्या मुलीला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

आधी कापड बघा

निम्मं उत्तर बोचक्यातच असतं. साडीचा मधला भाग, जिथं बसून-उठून सूत विरतं, तो उजेडात धरा. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. चरचर आवाज आला तर ते कापड वरच्या थराला घेऊ नका, आत घाला. आणि मशीनखाली तर देऊच नका.

कारण साधं आहे. जाड थरांतून जायला मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई लावावी लागते. इंचाला आठ-दहा टाके पडतात. विरलेल्या सुतात एका सरळ रेषेत तेवढीच भोकं पडतात. लग्नानंतर नव्या मशीनच्या कौतुकात मी आत्यांचं अंजिरी लुगडं मशीनवर शिवलं. (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो.) दोन हिवाळे ती वाकळ छान वापरली. तिसऱ्या धुण्याला टाक्यांच्या ओळीवरून ती पोस्टाच्या तिकिटासारखी सुटत गेली. ते लुगडं आत्यांच्या आईचं होतं. आत्या काही बोलल्या नाहीत, तुकड्यांची घडी करून ट्रंकेत ठेवून दिली. त्यानंतर जुनं सूत मी कधीच मशीनला लावलं नाही.

हाताच्या धावदोऱ्यात इंचाला चार-पाच टाके पडतात, दोरा सुती आणि जाड असतो, आणि त्याला थोडी ढील ठेवता येते. झोपेत वाकळ ओढली गेली तर दोरा कापडाबरोबर सरकतो. पण त्यातही एक खोट आहे. धावदोरा एके ठिकाणी तुटला की वीतभर उसवत जातो. म्हणून मी दर वितीला एक उलटा टाका घालते. मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या दोऱ्याच्या गुंत्यात अडकलेला असतो, तो असा सहज उसवत नाही. टाक्याच्या मजबुतीत मशीन पुढं आहे हे मी मान्य करते. फक्त त्याला तेवढंच दमदार कापड लागतं.

नायलॉन-पॉलिस्टरचं गणित उलटं. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात. हातानं शिवलं तर दोन महिन्यांत वाकळेच्या पोटात पोकळ फुगे दिसायला लागतात. मशीनवर जवळ जवळ ओळी टाकल्या की थर जागचे हलत नाहीत, आणि ह्या साड्या सुईनं लवकर फाटतही नाहीत. घाम मात्र टिपत नाहीत, म्हणून अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवा.

इरकलीचं थोडं वेगळं. अंग सुती, पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा, आणि दोन्ही फाशात फासा अडकवून जोडलेले. पाण्यात पदर आणि अंग एकसारखे वागत नाहीत. मी पदर उतरवून बाजूला ठेवते आणि काठाच्या पट्ट्या वरच्या थराला चौकट म्हणून लावते. लाल काठ असेल तर आधी पांढऱ्या फडक्याबरोबर भिजवून रंग सोडतो का ते बघायचंच.

आणखी एक चूक फार जणी करतात. अस्तराला कोरं कापड घेतात. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून आपल्या भागात सुती कापडाला तोटा नाही, आणि घ्यायलाही हरकत नाही. पण कोरं कापड पाण्यात आटतं. जुन्या साडीचं आटणं केव्हाच होऊन गेलेलं असतं. अस्तर न धुता लावलं तर पहिल्याच धुण्यात सगळ्या वाकळेला चुण्या पडतात. हातानं शिवा की मशीनवर, अस्तर दोनदा गरम पाण्यातून काढल्याशिवाय हात लावू नका.

वेळ आणि पैसा

नऊवारी म्हणजे २७ फूट. चौघडी केली की पावणेसात फूट लांब आणि साधारण ४ फूट रुंद, म्हणजे एका माणसाची वाकळ, चार थरांची. दोन लुगड्यांचे आठ थर. साडेपाच मीटरची साडी तिघडी केली की ६ फुटांची होते, तिचे थर तीन.

आता टाके मोजू. बोटभर, म्हणजे २ सेंटिमीटर अंतरानं लांबीच्या ओळी घातल्या तर ६० ओळी होतात, प्रत्येक २ मीटरची. १२० मीटर धावदोरा. मला एका मीटरला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे २० ते २४ तासांचं काम. दुपारी जेवणं आवरून दोन तास बसलं तर १२ दिवस. सणवार, पाहुणे आणि दुखणारे डोळे धरून मी गिऱ्हाइकाला तीन आठवडे सांगते. मशीनवर ओळी जरा लांब लांब टाकतो आम्ही. कापणं, टाचणं, शिवणं धरून पाच-सहा तासांत वाकळ हातात.

एकेरी वाकळेची मजुरी मी हातशिलाईला २५०० रुपये घेते आणि मशीनला ७००. आकडे ऐकून लोक दचकतात. तासांनी भागून बघा, दोन्हीकडं मला जवळपास सारखंच पडतं. त्यामुळं "हातानं शिवताय पण जरा कमी करा" असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं. त्या बाईच्या तीन आठवड्यांच्या दुपारी त्या किमतीत आहेत.

स्वतः घरी शिवणार असाल तर एक ध्यानात घ्या. घरच्या मशीनखालून पाच थरांच्या वर नीट सरकत नाही आणि बाजूची गुंडाळी मशीनच्या हाताखाली मावत नाही. दोन्हीकडून गुंडाळून मधल्या ओळीपासून सुरुवात करायची. कडेपासून सुरू केलं तर वरचं कापड पुढं ढकललं जातं आणि शेवटी एका कोपऱ्यात गोळा होतं.

कोण धुणार, कुठं वाळवणार

हे कुणीच विचारत नाही, आणि खरं तर इथंच सगळं ठरतं. आठ थरांची सुती वाकळ कोरडी दीड किलोच्या आसपास भरते, भिजली की दुपटीच्या वर. एकट्या बाईला पिळवत नाही. पूर्वी दोघी जणी नदीवर दोन टोकं धरून पिळायच्या. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत ती चार-चार दिवस वाळत नाही, आणि ओलसर घडी घातली की कुबट वास धरते. घरात अंथरूण ओलं करणारं मूल असेल, आजारी माणूस असेल, तर पातळ, मशीनवर शिवलेली वाकळ घ्या. हातशिलाईच्या प्रेमापोटी रोजच्या धुण्याचा भार कुणावर टाकू नका.

पण टिकण्याचं विचाराल तर २०१९ सालचं सांगते. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा आम्ही पोरांना घेऊन नणंदेकडं होतो. परत आलो तर कपाटात चिखल. हातानं शिवलेल्या पाच सुती वाकळा, मशीनवरची पॉलिस्टर साड्यांची एक, आणि दुकानातून आणलेल्या फायबर भरलेल्या दोन रजया. पॉलिस्टरची वाकळ एका दिवसात वाळली, जशीच्या तशी. सुती वाकळांना गच्चीवर आठवडा लागला, रंग उतरले, दोन ठिकाणी ठिगळ लावावं लागलं, पण आजही त्या अंगावर आहेत. रजयांमधला फायबर मात्र गोळे होऊन कोपऱ्यात गेला, कारण तिथं शिवणीच्या ओळी वीत-वीतभर अंतरावर होत्या. दोन्ही टाकून द्याव्या लागल्या. म्हणून कुणी "काकी, आत थोडा फायबर भरू का?" म्हणालं की मी नको म्हणते. भरायचाच असेल तर ओळी चार बोटांच्या आत ठेवा.

प्रवासातली शिलाई

हातशिलाईचा एक फायदा मला लहानपणापासून माहीत होता, किंमत मात्र प्रवासात कळली. ती बरोबर नेता येते. तिरुपतीला जाताना हरिप्रिया एक्स्प्रेसमध्ये मी भाचीच्या बाळाची अख्खी दुपटी-वाकळ शिवली. मिरज गेल्यावर सुई घेतली, हुबळीपर्यंत दोन कडा झाल्या होत्या. समोरच्या बाकावरच्या आजी न विचारता सुईत दोरा ओवून देत होत्या.

दांडेलीला पोरांना जंगल दाखवायला गेलो, बेळगाव, खानापूर, अळणावर करत, तेव्हा हल्याळच्या बाजूला सिद्दी बायकांच्या वाकळा पाहिल्या. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, कैक पिढ्यांपासून ह्या जंगलपट्ट्यात राहणारे. त्या वाकळेला कवंद म्हणतात. आम्ही लांबीत सरळ ओळी घालतो. त्या कडेपासून सुरू करून आत आत, चौकोनात चौकोन अशा शिवत मध्यापर्यंत जातात. तुकडा जागेवर ठेवायचा, कड दुमडायची, त्याच टाक्यात तुकडाही बसतो आणि वाकळही शिवली जाते. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी होत नाही. त्यांची बोली मला निम्मीअधिक कळत होती, बाकीचं हातानं कळलं. ओसरीवर पाय पसरून त्या शिवत होत्या, ना पाट, ना चौकट.

घरी आल्यावर मी तोच प्रकार मशीनवर करून बघितला. जमला नाही. दर वळणाला सगळा बोजा फिरवावा लागतो आणि मध्यापर्यंत येईतो कापड फुगतं. हातानं मात्र पहिल्याच खेपेला बसला. लहान-लहान, वेगवेगळ्या जाडीचे तुकडे असतील तर ही पद्धत मला आमच्या सरळ ओळींपेक्षा चांगली वाटते.

मधली वाट

तुकडे जोडून वरचा थर मशीनवर करायचा आणि सगळे थर एकत्र हातानं शिवायचे. तुकडे दमदार असतील तर हेच करा. जोडाची शिवण पक्की राहते, वाकळ मऊ राहते, मजुरी मधली पडते. नव्या बाळासाठी मात्र सगळंच हातानं, तीन थरांचं, गाठी आतल्या थरात लपवून. मशीनच्या दाट ओळींनी छोटी वाकळ ताठ होते आणि बाळाच्या अंगाभोवती वळत नाही.

राजारामपुरीच्या मुलीचं असं ठरलं. आज्जीची लुगडी आणि आईच्या सुती साड्या मिळून एक वाकळ, सगळी हातानं. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्यांच्या दोन, मशीनवर, सुती अस्तर लावून, तिच्या मुलांना रोज अंथरायला. सुती साड्यांपैकी एक लिंबोणी रंगाची होती, मधे पार विरलेली. ती तिला वरच हवी होती. मी नाही म्हणाले. काठापासून वीतभर भाग शाबूत होता, तेवढा कापून मधोमध चौकोन करू म्हटलं, उरलेली आत जाईल.

आमच्या आज्जीच्या रीतीनं चौथी कड बंद करायच्या आधी मी वाकळेत भाकरीचा वाळका तुकडा घालते, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मुंग्या येतात असं लोक म्हणतात, म्हणून हल्ली चार दाणे तांदूळ. मुलीला सांगितलं, ती कड शिवेन त्या दिवशी बोलावते, दाणे तूच घरून आण. अक्षय तृतीयेच्या आत यायला हवं, वळवाचे पाऊस लागले की मी वाकळ जमिनीवर मांडत नाही.