रिस्पेक्ट फॉर्म: आखणी चांगली, चौथा रकाना भरणाऱ्यावर भिस्त

ब्रिटनमध्ये वयोवृद्ध किंवा बऱ्या न होणाऱ्या आजाराचा रुग्ण वॉर्डात असेल, तर बऱ्याच रुग्णालयांत जांभळ्या रंगात छापलेला एक दोन पानी कागद पुढे येतो. हाच रिस्पेक्ट फॉर्म: तब्येत अचानक बिघडली तर कोणते उपचार करावेत आणि कोणते नकोत, हे आधीच बोलून लिहून ठेवण्याचा कागद. तो रिससिटेशन कौन्सिल यूके या संस्थेने आणला. त्याआधीचा आणि अजूनही अनेक ठिकाणी चालणारा कागद म्हणजे डीएनएसीपीआर. हृदय थांबलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न, करू नये, एवढंच तो सांगतो. बाकी काय करायचं याबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे त्याचा अर्थ हळूहळू ‘या रुग्णाचं आता फारसं काही करायचं नाही’ असा घेतला जाऊ लागला आणि नातेवाइकांच्या मनात भीती बसली ती इथूनच.

नव्या फॉर्मची खरी करामत रकान्यांच्या क्रमात आहे. पहिल्यात नाव-गाव. दुसऱ्यात आजार काय, तो कुठवर आला आहे आणि रुग्णाला त्यातलं काय समजलं आहे. तिसऱ्यात रुग्णाच्या तोंडची गोष्ट: आयुष्य वाढवण्याला जास्त महत्त्व की त्रास कमी ठेवण्याला, सगळ्यात मोलाचं काय वाटतं, कशाची धास्ती आहे. चौथ्यात डॉक्टरांची शिफारस, आणि सीपीआर हवा की नको ही सही त्या रकान्याच्या अगदी तळाशी. जुन्या कागदावर बोलणं जिथून सुरू व्हायचं, तिथे हा फॉर्म शेवटी पोचतो. क्रम पाळला तर नातेवाइकांशी होणारं बोलणं आपोआप माणसासारखं होतं. पण घाईतला डॉक्टर उलट्या क्रमानेही भरू शकतो: आधी तळाची सही, मग वरचं काहीबाही. तिसऱ्या रकान्यात नुसतं ‘आराम हवा’ असेल, तर असंच झालं असण्याची शक्यता दाट.

चौथ्या रकान्यात मोकळी जागा आहे आणि सगळी भिस्त तिच्यावर. तिथे ‘वॉर्डातले उपचार करावेत’ एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा पहाटे तीन वाजता घरी आलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना त्याचा काडीचा उपयोग नसतो. न्यायचं की नाही? कामाचा मजकूर असा असतो: ‘छातीत संसर्ग झाला तर आधी घरीच गोळ्या. धाप आटोक्यात आली नाही तर रुग्णालयात न्यावं, सलाइनमधून अँटिबायोटिक चालेल. आयसीयू आणि व्हेंटिलेटर नको, कारण फुप्फुसं इतकी खराब आहेत की व्हेंटिलेटर पुन्हा काढता येणार नाही. पडून हाड मोडलं तर नक्की न्यावं.’ शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. सीपीआर नको असलेल्या माणसाचं मोडलेलं हाड बसवायचंच असतं.

‘नको’वर सही का होते, हे कुटुंबाला नेमक्या शब्दांत सांगायला हवं, आणि फॉर्म त्यात मदत करत नाही. सीपीआर म्हणजे छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबणं. ठिसूळ हाडांच्या माणसाच्या बरगड्या त्यात हमखास मोडतात. त्यासोबत दिला जाणारा विजेचा शॉक हृदयाची बिघडलेली लय सुधारतो. पण कर्करोग किंवा निकामी होत गेलेल्या अवयवांमुळे हृदय सगळ्यात शेवटी थांबलं असेल, तर सुधारायला लय नसतेच. ‘हृदय थांबलं तर चालू करू का?’ हा प्रश्न म्हणून चुकीचा. चालू होणारच, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज सहीचा. मुलाने किंवा मुलीने सही करून आईच्या मरणाला परवानगी द्यायची, असं कुणी समजत असेल तर तसं नाही. सीपीआरचा उपयोग होणार नाही हे ठरवणं डॉक्टरांचं काम, आणि कुटुंब हट्टाने तो मागून घेऊ शकत नाही. पण गुपचूप ठरवायचीही मुभा नाही. २०१४ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने ट्रेसी खटल्यात सांगितलं की रुग्णाला यात सामील करून घ्यायलाच हवं. त्याला वगळायला नुसतं ‘वाईट वाटेल’ हे कारण पुरत नाही, शारीरिक किंवा मानसिक इजा होण्याची शक्यता असायला हवी. २०१५ मध्ये हायकोर्टाने विन्स्पियर खटल्यात पुढचं पाऊल टाकलं: रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि जवळच्यांशी बोलणं शक्य असेल तर बोलावंच, पहाटेचे तीन वाजलेत म्हणून फोन टाळता येत नाही. हे दोन्ही निकाल फॉर्मच्या पाचव्या-सहाव्या रकान्यांत दिसतात: रुग्णाची निर्णयक्षमता, कुणाशी बोलणं झालं, झालं नसेल तर का नाही. कागद हातात आला की आधी पान उलटून सहावा रकाना वाचावा. कुणाशीच बोलणं झालं नसेल तर तिथे सबळ कारण असायला हवं.

दुसरी कमतरता कायद्याची. फॉर्म बंधनकारक नाही, ती शिफारस आहे. त्या क्षणी समोर असलेला डॉक्टर सबळ कारण असेल तर वेगळं करू शकतो. जेवताना घास अडकून गुदमरलेल्या माणसाचा घास काढायचाच, तळाशी ‘नको’वर सही असली तरी. जीव टिकवणारे उपचार पक्के नाकारायचे असतील तर इंग्लंड-वेल्समध्ये अ‍ॅडव्हान्स डिसिजन, म्हणजे उपचारांना आधीच दिलेला नकार, वेगळं करावं लागतं. ते लेखी, सही केलेलं, साक्षीदाराचंही, आणि ‘जिवाला धोका असला तरी’ असा स्पष्ट उल्लेख असलेलं हवं. फॉर्ममध्ये त्याची नोंद होते, पण फॉर्म त्याची जागा घेत नाही.

आता कागद सांभाळण्याचं. मूळ प्रत रुग्णासोबत राहते. घरी गेला तर घरी, नर्सिंग होममध्ये गेला तर तिथे. फाइलमध्ये अडकवून वॉर्डातच राहिली तर सगळी मेहनत पाण्यात, आणि ही चूक डिस्चार्जच्या गडबडीत सर्रास होते. निघताना हातात प्रत आहे ना, हे नर्सला विचारून घ्यावं. घरात ती सहज सापडेल अशा जागी ठेवावी. कपाटाच्या खणात विमा-बँकेच्या कागदांखाली दडवलेली प्रत अ‍ॅम्ब्युलन्स येईल तेव्हा मिळत नाही. शेवटचा, नववा रकाना फेरतपासणीचा. शस्त्रक्रियेच्या आधी, तब्येत सुधारली किंवा ढासळली की, आणि मुक्काम बदलला की तिथे नवी तारीख आणि सही पडायला हवी. न्यूमोनियातून उठून पुन्हा चालू-फिरू लागलेल्या माणसाच्या फॉर्मवर तापातल्या आठवड्याचीच तारीख असेल, तर जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, वेळ घेऊन तो नव्याने भरून घ्यावा.