केमोच्या काळात मेडिकलमधलं प्रोबायोटिक: कुठलं घ्यावं, कुठलं टाळावं

चिपळूणपासून कणकवलीपर्यंत बहुतेक मेडिकलमध्ये प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी घ्यायचे जिवंत उपयोगी जंतू, म्हणून तीन जातींचा माल मिळतो: लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल, सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टची पुडी आणि बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलीच्या कुप्या. केमो चालू असलेल्या माणसासाठी घरचे यातलं हाताला लागेल ते आणतात, तिथेच चुकतं.

सगळ्यात जपायची ती यीस्टची पुडी. रुग्णाला पोर्ट किंवा सेंट्रल लाईन (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर ती घेऊ नयेच, त्याच्या खोलीत फोडूही नये. पावडर हवेत उडते, हाताला लागते आणि लाईनवाटे यीस्ट रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत. रक्ताच्या तपासणीत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील तर तिन्ही प्रकार बंद. बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल चालू असेल तर ते हे यीस्टही मारतं. पुडीचे पैसे पाण्यात.

लॅक्टोबॅसिलसच्या खोक्यावर २ ते ८ अंश छापलं असेल आणि दुकानदाराने ते उघड्या फळीवरून काढून दिलं, तर परत करा. पावसात दिवसभर लाईट गेली की फ्रिजही नुसतं कपाट होतो, तेही विचारा. क्लॉसीचे बीजाणू उष्मा सोसतात, आपल्या हवेत ते बरे. अँटिबायोटिक आणि लॅक्टोबॅसिलस यांत दोन तासांचं अंतर हवं.

उपयोग कितपत? ओटीपोटावरच्या रेडिएशनमधले जुलाब टाळायला लॅक्टोबॅसिलस सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. डॉक्टरांना विचारून तेवढ्यापुरतं घ्यावं. इम्युनोथेरपीत (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारात) मात्र स्वतःहून अजिबात नको. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांच्या अभ्यासात रोज किमान २० ग्रॅम तंतू खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, आणि त्यातही प्रोबायोटिक न घेणारे पुढे होते. रुग्ण थोडे होते, शिवाय एवढ्यावरून कार्यकारण ठरत नाही. तरी महागड्या खोक्यापेक्षा १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू देणारी नाचणी आणि सोबत कुळथाची पिठी हा सौदा चांगला. अर्थात पोट बिघडलेलं नसताना. जुलाबात भाकरी थांबवून मऊ पेज.

इरिनोटेकान या केमोच्या औषधावरच्या जुलाबांत यातलं काहीच भरवशाचं नाही. यकृताने निकामी करून पित्तावाटे सोडलेलं औषध आतड्यातले जिवाणू पुन्हा जागं करतात, आतड्याचं अस्तर सोलवटतं. तिथे डॉक्टरांनी दिलेलं लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध लगेच सुरू करायचं, आणि जुलाबासोबत ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.